दोन कुलपं

कॅमस डूच्या तिसऱ्या गोदामाला दोन कुलपं होती.
एक बापाचं, एक सरकारचं.
सरकार म्हणजे अबकारीचे पेटिग्रू साहेब.
रोज सकाळी आठाला दोघं दारापाशी यायचे,
दोन किल्ल्या, दोन खटके,
आणि आत एकच अंधार,
ओकच्या पिंपांचा, ओल्या मातीचा.

त्याआधी कुलूप नव्हतं.
बापाच्या पणज्याची भट्टी
ओढ्याच्या वरच्या अंगाला मेंढ्यांच्या गोठ्यात होती,
धूर दिसू नये म्हणून
फक्त धुक्याच्या दिवशी पेटायची.
कराचे शिपाई दिसले की पणजी
पिंपावर गोधडी टाकून आडवी व्हायची
आणि कण्हायची.
त्या एका पिंपावर सहा बाळंतपणं झाली म्हणतात तिची.
खरी त्यातली दोन.

मग परवाना आला, धुराडं आलं,
टेकाडावर साहेबाचं चुन्याचं घर आलं.
चोरीचं होतं ते रीतीचं झालं.
पाणी मात्र ओढ्याचंच,
पीटच्या दलदलीतून चहासारखं तांबूस उतरणारं.

तरुणपणी बाप सातूवर होता.
भिजवलेले सातू फरशीवर पसरायचे, मोड येऊ द्यायचे,
लाकडी फावड्यानं उलटायचे,
रात्रीसुद्धा, दर चार तासांनी.
उलटून उलटून त्याचा उजवा खांदा खाली आला
तो वर गेलाच नाही.
शवपेटीतसुद्धा तिरका निजला.

हंडा बदलला तेव्हा मी नऊ वर्षांची.
जुन्या हंड्याच्या कुशीत एक पोचा होता,
कुणाच्या तरी शिडीनं कधीतरी पडलेला.
तांबटानं नव्या, चकचकीत हंड्यालाही
तेवढाच पोचा ठोकून दिला, तिथंच.
मी विचारलं, का?
हंड्यावरचा लॉक्लन म्हणाला,
"चव कशानं येते ते आपल्याला माहीत नाही, इफी.
म्हणून काहीच सोडायचं नाही."
धारेपुढे बसून असायचा तो, काचेतून बघत.
पहिल्या धारेला मिजास फार, म्हणायचा,
शेवटची रडकी.
दोघींना परत हंड्यात पाठवायचा,
मधली तेवढी ठेवायचा.

आता कुत्र्याचं सांगते.
कुत्रा म्हणजे तांब्याची नळी,
खालच्या तोंडाला जुनी पेनी झाळलेली, वर बूच.
पँटीच्या आत, डाव्या मांडीला बांधायची.
मालकाबरोबर गुपचूप घरी येतो, म्हणून कुत्रा.

दर शुक्रवारी साहेब म्हणायचे,
"आज लंगडतोयस, डुगल्ड."
"हवा बदलतेय, साहेब."
साहेब आभाळाकडे बघायचे, मान डोलवायचे,
आणि वहीत लिहायचे:
पिंपातून उडाली, देवदूतांचा वाटा, दोन टक्के.
कुठल्या कुठल्या वर्षी
देवदूतांना अडीच टक्के तहान लागायची.

त्र्याऐंशी साली जगाला व्हिस्की नकोशी झाली.
लंडनहून एक पत्र आलं, चार ओळींचं.
लॉक्लननं हंड्याखालची आग विझवली
आणि संध्याकाळभर तांब्यावर हात ठेवून उभा राहिला,
गार होईपर्यंत.
बापानं आणि साहेबांनी दार लावलं.
दोन खटके.
साहेब तिथंच पायरीवर बसले, टोपी काढली,
"कुत्रा आणलायस ना?" म्हणाले.
बाप लाल झाला. एकवीस वर्षं झाली होती.
मग पाठ करून त्यानं पट्टा सोडला.

मी भिंतीआडून बघत होते.
कुणी काही बोललं नाही.
साहेब उठले ते लंगडत गेले,
दोन्ही पाय धड असलेला माणूस.

आता भट्टी पुन्हा चालू आहे, जपानी मालक, चांगला आहे.
गोदामाला कुलूप नाही, आकडे दाबायचे असतात.
भिंतींवरची काळी बुरशी तेवढी जुनीच,
देवदूतांच्या उष्ट्यावर वाढलेली.
पाहुणे येतात, मी पेले भरते.
नाक खुपसून सांगतात ते,
खारवलेला दोर, जळकं संत्रं, दवाखाना.
आणि तुम्हाला, मॅडम?
मला डाव्या मांडीचा वास येतो, म्हणते मी.
ते हसत नाहीत.
लिहून घेतात.